झिराडचे झिराडकर : एका आडनावाचा कोकणातून इस्राएलपर्यंतचा प्रवास



गटाच्या बैठकीत हजेरी घेताना आपण रोज आडनावं वाचतो, पण ती आली कुठून हे फारसं कोणी विचारत नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही आडनावं जुन्या काळच्या वतनावरून, कामावरून आली. सुतार, लोहार, कुंभार ही धंद्यावरून आली. आणि ज्यांच्या शेवटी 'कर' आहे, ती बहुतेक गावावरून आली. पेणचा तो पेणकर, रोह्याचा तो रोहेकर. म्हणजे आडनाव हा एक जुना पत्ताच असतो. घर बदललं, जिल्हा बदलला, तरी पत्ता नावाला चिकटून राहतो.

आज अशाच एका आडनावाबद्दल बोलायचं आहे. आडनाव आहे झिराडकर. काही जण नुसतं झिराड असंही लावतात. गाव आपल्या रायगड जिल्ह्यातलं, अलिबाग तालुक्यातलं. पण हे आडनाव लावणारी माणसं प्रार्थना करतात ती हिब्रू भाषेत. ही माणसं ज्यू म्हणजे यहुदी धर्माची. आपल्याकडे त्यांना बेने इस्राएल म्हणतात. 'बेने' म्हणजे लेकरं. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. धर्म हिब्रू, घरातली बोली मराठी आणि आडनाव कोकणातल्या गावाचं, असा हा मेळ आहे. जगभर शोधलं तरी हे आडनाव लावणारी घरं थोडीच सापडतील.

आडनाव नव्हतं तेव्हा काय होतं?

हिब्रू परंपरेत पूर्वी आडनाव हा प्रकारच नव्हता. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, झालं. मुलगा असेल तर मध्ये 'बेन' म्हणजे 'चा मुलगा', मुलगी असेल तर 'बत' म्हणजे 'ची मुलगी'. दाऊदचा मुलगा शलोमोन तो शलोमोन बेन दाऊद. आजही सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, नाव पुकारायचं तर असंच पुकारतात.

त्यात एक गोष्ट आपल्याला आवडेल अशी आहे. एखादं माणूस आजारी असेल आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची असेल, तर बापाचं नव्हे, आईचं नाव घेण्याची रीत आहे. अमक्या आईचं लेकरू बरं होऊ दे, असं म्हणायचं.

मग जगभरच्या ज्यूंना आडनावं मिळाली कशी? युरोपात बऱ्याच ठिकाणी ती सरकारने लावायला लावली. ऑस्ट्रियाच्या राजाने १७८७ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक ज्यू कुटुंबाने कायमचं आडनाव घेतलंच पाहिजे. फ्रान्सच्या नेपोलियनने १८०८ मध्ये तसाच हुकूम काढला. कर वसूल करायला आणि सैन्यात भरती करायला सरकारला पक्की नोंद हवी होती. कोणी गावाचं नाव घेतलं, कोणी धंद्याचं. काहींची आडनावं तर हिब्रू शब्दांची पहिली अक्षरं जोडून झालेली आहेत. 'काट्झ' हे त्यातलं एक. 'कोहेन त्झेदेक' या दोन शब्दांचं ते लहान रूप. त्याचा अर्थ न्यायी याजक, म्हणजे धर्मकार्य करणारा.

कोकणातल्या ज्यूंच्या बाबतीत असा हुकूम कोणी काढला नाही. शेजारीपाजारी जशी नावं लावत होते तशीच त्यांनीही लावली. ज्या गावात घर होतं, त्या गावाचे झाले.

कोकणात आले कसे?

त्यांची परंपरा अशी सांगते की फार वर्षांपूर्वी, काहींच्या मते दोन हजार वर्षांपूर्वी, त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना नवगावला मातीत पुरलं. तिथे आज स्मारक आहे. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली आहे, कागदावर लिहून ठेवलेली नाही. पण अलीकडे शास्त्रज्ञांनी रक्तातल्या अनुवंशाची तपासणी केली. त्यात या समाजात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतातल्या लोकांचा, असे दोन्ही वंश मिसळलेले दिसले. म्हणजे बाहेरून आले आणि इथल्या मातीत मिसळले, हे खरंच.

वाचलेल्यांकडे पुस्तक नव्हतं, धर्मगुरू नव्हता. जे आठवत होतं तेवढंच त्यांनी धरून ठेवलं. 'शेमा' नावाची एक छोटी प्रार्थना. मुलाची आठव्या दिवशी सुंता. शनिवारी कामाला हात लावायचा नाही. आणि खाण्याचे नियम: मासा खायचा तर ज्याला पंख आणि खवले आहेत तोच. कोळंबी, चिंबोरी, शिंपल्या नाहीत. मटणाबरोबर दूध-दही नाही, म्हणून कालवणाला नारळाचं दूध.

आता विचार करा मैत्रिणींनो, पुस्तक नसताना हे सगळं टिकलं कुणाच्या हातून? चुलीपाशी जी बाई मासा निवडत होती, शुक्रवारी संध्याकाळच्या आत शनिवारचा स्वयंपाक उरकत होती, तिच्या हातून. धर्माचा अर्धा भाग तर स्वयंपाकघरातच राहिला होता.

या लोकांचा मुख्य धंदा तेलाचा घाणा. कोकणात इतर तेलीही होते. पण हे तेली शनिवारी घाणा जुंपत नसत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. हे लोकांनी दिलेलं नाव. 'बेने इस्राएल' हे त्यांनी स्वतःला दिलेलं नाव. आणि झिराडकर, पेणकर, रोहेकर ही गावाने दिलेली नावं. एकाच समाजाला तीन बाजूंनी तीन नावं.

गाव तिथे आडनाव

अशी गावावरून आलेली शंभराहून जास्त आडनावं या समाजात आहेत. नवगाववरून नवगावकर, किहीमवरून केहिमकर, नागाववरून नागावकर, चौलवरून चौलकर किंवा चेऊलकर, अष्टमीवरून अष्टमकर, राजपुरीवरून राजपूरकर, मापगाववरून मापगावकर, वाकरूळवरून वाकरूळकर, घोसाळ्यावरून घोसाळकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा आणि अलिबागपासून पेण, रोहा, मुरुडपर्यंत बोट फिरवा. निम्मी आडनावं तिथेच सापडतील.

यावरून एक गोष्ट कळते. हे लोक एका वाड्यात किंवा एका शहरात दाटीने राहत नव्हते. तेलाचा घाणा प्रत्येक गावाला लागतो. पण एका गावाला दहा घाणे लागत नाहीत. म्हणून एका गावात एक-दोन घरं, अशी ती पसरली. धंद्याने माणसं पसरली आणि माणसांबरोबर आडनावं पसरली.

मात्र एक सावधगिरी बाळगा. दांडेकर, दिवेकर, चौलकर ही आडनावं हिंदूंमध्येही आहेत. गाव एकच, म्हणून आडनाव एकच. नुसत्या आडनावावरून जात किंवा धर्म सांगायला गेलात तर फसाल. ओळख पटत असे ती पहिल्या नावावरून. पण तिथेही गंमत होती. हिब्रू नावं मराठी तोंडात बसून गेली होती. सॅम्युएलचा झाला सामाजी, इझिकेलचा हसाजी, बेंजामिनचा बनाजी, मोझेसचा मुसाजी. सामाजी हसाजी दिवेकर असं नाव ऐकलं तर कुणाला वाटेल का की हा माणूस ज्यू आहे? पण याच सामाजीने, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी, १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. त्यांच्या नावाचा सॅम्युएल स्ट्रीट आजही मुंबईत आहे.

झिराडकरांचं वेगळेपण

आता आपल्या मुख्य आडनावाकडे येऊ. परंपरा सांगते की बऱ्याच काळानंतर डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. इथल्या तेल्यांच्या चालीरीती बघून त्याला शंका आली की हे आपलेच लोक असावेत. परीक्षा म्हणून त्याने बायकांना खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, असे मिसळलेले मासे रांधायला दिले. बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि सांगितलं की हे आम्ही खात नाही. ओळख पटली ती तिथे. पुरुषांना प्रश्न विचारून नव्हे, तर बायकांची निवड बघून.

त्याने मग तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले, असं म्हणतात. ती घराणी म्हणजे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. त्यांना 'काजी' म्हणत. लग्न लावायचं, सुंता करायची, भांडण मिटवायचं ही त्यांची कामं. हा मान बापाकडून मुलाकडे जाई. त्यामुळे गावोगावी झिराडकर हे नाव माहीत झालं.

पुढे पोटापाण्यासाठी लोक मुंबईला गेले. इंग्रजांच्या फौजेत, रेल्वेत, कचेऱ्यांत, दवाखान्यांत नोकऱ्या मिळाल्या. तिथून पुणे, अहमदाबाद, कराचीपर्यंत घरं गेली. कराचीत १८९३ मध्ये सिनेगॉग बांधणारे सॉलोमन डेव्हिड उमरडेकर हेही याच समाजाचे. इकडे कोकणातही रेवदंड्याला १८४२ मध्ये, अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये आणि पेणला १८६३ मध्ये सिनेगॉग उभी राहिली. अलिबागला ज्या भागात त्यांची वस्ती होती त्याला 'इस्राएल आळी' म्हणतात.

शहरात गेल्यावर नावांचं काय झालं? बऱ्याच जणांनी गावाचं आडनाव मागे ठेवलं आणि बापाचं नावच आडनाव म्हणून लावलं. मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे मूळचे राजपूरकर. इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम इझिकेल यांच्या घराण्याचं नाव तळकर. 'बूटपॉलिश' सिनेमातले जॉन चाचा तुम्हाला आठवत असतील. ते काम करणारे नट डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे चौलचे.

झिराडकरांनी मात्र गाव सोडलं नाही. शेवटचं 'कर' गळालं, पण 'झिराड' राहिलं. आणि ते नाव सगळ्यांत मोठं केलं ते एका बाईने.

डॉ. जेरुशा झिराड

डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म कर्नाटकातल्या शिमोग्याचा. शिक्षण पुण्यात आणि मग मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. बायकांनी डॉक्टर व्हावं हेच जेव्हा लोकांना पटत नव्हतं, त्या काळात त्या सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेल्या. १९१९ मध्ये बाळंतपण आणि स्त्रीरोग या विषयात एम.डी. होऊन परत आल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलात १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या प्रमुख डॉक्टर होत्या. हे हॉस्पिटल बायकांसाठी आणि मुलांसाठी. किती बायकांची बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली सुखरूप झाली असतील! १९६६ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आपल्यासाठी त्यांची आणखी एक ओळख आहे. १९१३ मध्ये मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ सुरू झालं, ते त्यांच्याच पुढाकाराने. बायकांनी एकत्र यावं, शिकावं, एकमेकींना धरून राहावं, हा त्यामागचा विचार. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार आपल्या गटांच्या किती जवळचा आहे बघा.

समुद्रापलीकडे

१९४८ मध्ये इस्राएल देश झाला. त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत बेने इस्राएल समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. बेरशेबा, अश्दोद, दिमोना, लोद, रामला या गावांमध्ये ते स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर पेण, रोहा, नागाव, झिराड ही नावंही गेली. तिथल्या दारांवरच्या पाट्यांवर हिब्रू लिपीत आपल्या कोकणातल्या गावांची नावं लिहिली गेली. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.

भारतात आता थोडेच उरले. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू म्हणून ४,६५० माणसांची नोंद झाली. त्यातली निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. थोडी घरं इंग्लंड, अमेरिका, कॅनडातही आहेत. इंग्रजीत 'झ' लिहायची एकच पद्धत नाही. कोणी 'जे' आणि 'एच' लावून लिहितं, कोणी 'झेड' लावून. त्यामुळे एकाच झिराडची कागदावर दोन-तीन रूपं दिसतात. आधार आणि पासबुकात नाव जुळत नाही म्हणून बँकेत खेटे घातलेल्या बायकांना हे लगेच समजेल.

नाव बापाचं, पुरावा आईचा

इस्राएलला गेल्यावर एक कठीण प्रसंग आला. तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

ज्यू धर्माच्या नियमाप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू. वंश आईकडून चालतो. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी असा आदेश काढला की बेने इस्राएल समाजातल्या कुणाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न असेल, तर आधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची. ही चौकशी या समाजाच्या लोकांचीच ठेवली होती. विचार करा, ज्यांनी पुस्तकाशिवाय शेकडो वर्षं धर्म सांभाळला, त्यांनाच विचारलं गेलं की तुम्ही खरे का?

आणि इथे आडनाव कामाला येईना. झिराडकर म्हटलं की बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं गाव कळतं. पण आईची आई कोण होती, तिची आई कुठली, हे आडनाव सांगत नाही. लग्न झालं की बाईचं गाव बदलतं आणि नावही बदलतं. जिच्यामुळे वंश चालतो असं धर्म म्हणतो, तिचीच नोंद कुठे नाही.

लोक गप्प बसले नाहीत. जेरुसलेममध्ये बायका-मुलांसह ते रस्त्यावर आले, धरणं धरलं. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेत यावर चर्चा झाली. बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत आणि त्यांच्यात भेद करू नये, असं ठरलं. धर्मगुरूंनाही आदेशातून या समाजाचं नाव काढावं लागलं.

आपण काय घ्यायचं?

मैत्रिणींनो, हे फक्त ज्यूंचं नाही, आपलंही असंच आहे. आपली आडनावं गावाची गोष्ट सांगतात, धंद्याची सांगतात, पण सांगतात ती बापाच्याच बाजूची. सासरच्या तीन-चार पिढ्यांची नावं अनेक घरांत पाठ असतात. आईच्या आईचं माहेर कुठलं, असं विचारलं तर मात्र आपण अडखळतो.

थोडा बदल होतोय. महाराष्ट्र सरकारने ठरवल्याप्रमाणे १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदावर लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. घरात नवं बाळ आलं असेल तर जन्मदाखला काढताना आईचं नाव बरोबर, पूर्ण आणि तिच्या आधारवर आहे तसंच लिहिलंय ना, हे नक्की बघा. एक अक्षर चुकलं तर पुढे दाखल्यापासून खात्यापर्यंत सगळीकडे चुकत जातं.

आणि एक काम आपल्या हातातलं आहे. पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर पंधरा मिनिटं काढा. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीने स्वतःचं नाव, आईचं नाव, आजीचं नाव आणि पणजीचं माहीत असेल तर तेही लिहा. प्रत्येकीपुढे तिचं माहेरचं गाव आणि आडनाव. माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा. ती सांगेल. आजवर तिला कोणी विचारलं नसेल इतकंच. आडनावाचा अर्थ लागत असेल तर तोही लिहा: गावाचं आहे, कामाचं आहे की आणखी कशाचं.

झिराड हे गाव आहे तिथेच आहे. तिथून निघालेलं नाव मुंबईच्या हॉस्पिटलात पोचलं, लंडनला पोचलं, इस्राएलला पोचलं. तुमच्या आजीचं गाव कुठवर पोचलंय, ते तुम्ही लिहाल तेव्हाच कळेल. लिहिलेली पानं पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. त्यातली काही आपण रेडिओवर ऐकू.